बारा माणसं, चौदा दिवस

बाराव्या दिवशी सकाळी, गालाला दाढीचा फेस असताना, मी मोबाइलवर एक बटण दाबलं आणि माझ्या सख्ख्या बहिणीची बारा दिवसांची मेहनत मातीत घातली.

बटण दिसायला अगदी गरीब होतं. 'चाचणीतून बाहेर पडा' एवढंच त्यावर लिहिलेलं. काम झालं की दिवा-पंखा बंद करून खोलीबाहेर पडावं, अशा वळणात वाढलेला मी माणूस. बाहेर पडा म्हटल्यावर पडलो. लगेच पाटी आली, 'तुम्ही आता परीक्षक नाही.' आयुष्यात मला पुष्कळ ठिकाणी 'तुम्ही आता अमुक नाही' असं कळवण्यात आलेलं आहे, त्यामुळे मी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. उरलेली दाढी केली. तोंड पुसता पुसता ताईचं सांगणं आठवलं आणि टॉवेल तसाच टाकून मी शर्ट शोधायला लागलो.

ताईचं एक ॲप दुकानात जायचं होतं. दुकान म्हणजे मोबाइलवर आपण जिथून ॲप उतरवून घेतो ते. तिथला कायदा असा, की नवख्या माणसाने आणलेला माल ते सरळ मांडत नाहीत. आधी बारा जणांनी तो सलग चौदा दिवस वापरून दाखवायचा. सलग म्हणजे सलग. मधेच बाराचे अकरा झाले की पाटी कोरी, पुन्हा पहिला दिवस. ताईने हे मला तीनदा समजावलं होतं आणि तिन्ही वेळा मी "कळलं गं" म्हणालो होतो.

अकरा माणसं तिने जिवाचं रान करून जमवली होती. बारावा मी. घरचा म्हणून.

आता ताई कुठे आणि ॲप कुठे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. ताईची तेहेतीस वर्षं रक्तपेढीत गेली. खिडकीतून रक्ताची पिशवी बाहेर द्यायची, तर तिथली रीत अशी, की एकीने पिशवीवरचा नंबर बोट ठेवून मोठ्याने वाचायचा आणि दुसरीने कागदाशी ताडून बघायचा. मग अदलाबदल, दुसरीने वाचायचं, पहिलीने ताडायचं. तेहेतीस वर्षांत ताईच्या हातून चुकीची पिशवी गेली नाही. "डोळे हवं ते वाचतात," ती म्हणते, "कान आहे तेच ऐकतात." निवृत्त झाल्यावर ही सवय तिने घरी आणली. औषधाची बाटली, विजेचं बिल, लग्नाची पत्रिका, सगळं ती बोट ठेवून मोठ्याने वाचते. पूर्वी मी तिची नक्कल करून घरच्यांना हसवत असे.

भावोजी मात्र बोलण्याच्या बाबतीत आमच्या अख्ख्या खानदानाला पुरून उरतील असे. घाऊक बाजारात ते भाजीचा लिलाव पुकारायचे. त्यांनी घरात मीठ मागितलं तरी शेजारचे दार उघडून बघायचे. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि तो आवाज गेला. सगळं समजतं, शब्द मात्र येत नाही. उजवा हात थरथरतो. डाव्या हातात ते एक चमचा बाळगतात. टेबलावर एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे थांब, आणि न थांबता टकटक म्हणजे मी आलोय.

ताई त्यांना स्पीच थेरपीच्या केंद्रावर न्यायची. तिथल्या बाई चित्रांचे पुठ्ठे दाखवून शिकवायच्या. पाण्याचं चित्र, उशीचं चित्र. ताईने ते पुठ्ठे बघितले आणि माझ्या भाचीला, म्हणजे तिच्या लेकीला, फोन केला. लेक परगावी कंप्यूटरचं काम करते. तिने रविवार-रविवार बसून ॲप लिहून दिलं. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलणार. नाव ठेवलं 'ऐका'. मग लेक म्हणाली, आई, लिहायचं ते मी लिहिलं, पण दुकानात नेऊन मांडायचा व्याप माझ्याने होणार नाही, मला नोकरी आहे, दोन पोरं आहेत. ताई म्हणाली, ते मी बघते.

आवाज पुरुषाचा हवा होता, म्हणून मला बोलावलं. एकशे ऐंशी वाक्यं मी तिच्या कपड्यांच्या कपाटात डोकं घालून बोललो, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. 'मला बाथरूमला जायचंय' हे वाक्य तिने माझ्याकडून अकरा वेळा म्हणवून घेतलं. मी त्यात भावना ओतत होतो असं तिचं म्हणणं. "तिथे जायचंय, कविता नाही वाचायची," एवढंच ती कपाटाबाहेरून म्हणाली.

मग सुरू झाले दुकानाचे फॉर्म. मी ते बघितले आणि मला घेरी आली. ॲपचं छोटं चित्र इतकंच मोठं हवं, एक तसूभर इकडेतिकडे नको. आतली पानं कशी दिसतात त्याचे फोटो. वर्णन ऐंशी अक्षरांत, मग तेच वर्णन सविस्तर. तुम्ही लोकांची कुठली माहिती गोळा करता, कुणाला देता, मागितली तर पुसून टाकता का. मी असतो तर डोळे मिटून सगळीकडे 'मान्य' दाबलं असतं. ताईने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, समोर भावोजींना बसवलं, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. प्रत्येक प्रश्न मोठ्याने. उत्तर मोठ्याने. चमच्याची टकटक. मग पुढचा प्रश्न.

'तुमच्या ॲपमध्ये हिंसाचार आहे का?' नाही. टक. 'मद्यपानाला उत्तेजन आहे का?' नाही. टक. 'जुगार आहे का?' ताई नाही म्हणणार तेवढ्यात भावोजींनी दोनदा वाजवलं. तिने चष्म्यावरून बघितलं. भावोजी एकेकाळी पत्त्यांतले मोठे खेळाडू. डाव्या गालाने हसत होते. "तुमचं विचारत नाहीयेत," ताई म्हणाली आणि 'नाही'वर टिचकी मारली.

चार दिवस हे पारायण चाललं. एके ठिकाणी भावोजींनी खरोखरच थांबवलं. 'ॲप आवाज वापरतं का' या प्रश्नाला ताई हो म्हणाली होती. दोन टकटक. तिने पुन्हा वाचलं. पुन्हा दोन. तिसऱ्यांदा वाचल्यावर तिला उमगलं, की प्रश्न माणसाचा आवाज टिपून घेता का, असा होता. आमचं ॲप आवाज देतं, घेत नाही. ती खुर्चीत मागे टेकली आणि भावोजींना म्हणाली, "तुम्ही रक्तपेढीत हवे होतात." झटक्यानंतर त्यांना इतकं ताठ बसलेलं मी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या एका दुकानात, वेगळ्या जातीच्या फोनवाल्यांच्या, ॲप आठवड्यात लागलंसुद्धा. पण केंद्रावरच्या जवळजवळ सगळ्यांकडे पहिल्या दुकानाचे फोन. आणि तिथे ही बारा माणसं, चौदा दिवस. शिवाय घाई होती. केंद्रावरच्या बाई महिनाअखेरीस कायमच्या मुलीकडे राहायला जाणार होत्या, त्यांच्या जागी कुणी मिळालं नव्हतं, केंद्र बंद होणार होतं. तीस तारखेला शेवटचा वर्ग. त्या दिवशी चाळीस पेशंट येणार, आणि तोवर ॲप दुकानात लागलं, तर बाई स्वतः एकेकाच्या फोनवर ते घालून, हात धरून शिकवणार. न लागलं, तर चाळीस माणसं चाळीस घरांत गप्प बसणार.

या सगळ्यावर मी सहा तारखेला दाढीच्या फेसासकट बोट ठेवलं होतं.

दहा वाजता ताईच्या घरी पोचलो. वाटेत तीन निमित्तं रचली होती. त्यातल्या दोनांत दोष नेटवर्कचा होता. दार उघडंच होतं. ताई टेबलाशी बसून फोन लावत होती. परीक्षकांना रोज दहा वाजता ती फोन करायची, ॲप उघडलं का विचारायला. मला हे माहीत होतं, पण मी ते कधी ऐकलं नव्हतं. मला तिचा फोन आला की मी "हो, उघडलं" म्हणून ठेवून द्यायचो.

"कसे आहात?" ताईने विचारलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडे बराच वेळ काही नाही. ताई थांबली. मग पलीकडून माझाच आवाज आला, "मी बरा आहे."

तिने केंद्रावरच्या दुसऱ्या पेशंटला फोन लावला. पुन्हा शांतता, पुन्हा मी. "रात्री झोप लागली नाही." तिसऱ्या घरी मला पाठदुखी होती. चौथ्या घरी एक म्हातारे माझ्या आवाजात म्हणाले, "टीव्ही बंद करा," आणि मागून त्यांची सून हसली, आणि टीव्ही खरंच बंद झाल्याचं ऐकू आलं. पाचव्या घरी एक बाई होती. माझ्या भसाड्या आवाजात ती म्हणाली, "माझ्याजवळ बसा." ते ताईला म्हटलेलं नव्हतं. कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मी दारातच उभा होतो. जन्मभर मी बोलत आलो. सभेत बोललो, लग्नात बोललो, लोकांच्या डुलक्या लागेपर्यंत बोललो. माझ्या तोंडातून निघालेल्या शब्दावर कुणी खुर्ची ओढून बसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. वाटेत रचलेली तिन्ही निमित्तं मी तिथेच सोडून दिली.

अकरावा फोन झाल्यावर मी सगळं सांगून टाकलं. भावोजींचा चमचा हवेत थांबला. ताईने लॅपटॉप ओढला, आकड्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "परीक्षक, अकरा." मग माझ्याकडे नाही, भावोजींकडे बघून म्हणाली, "बारा हवेत म्हणून मी बाराच घेतले. पेढीत असं केलं असतं तर हाकलून दिलं असतं मला."

मी म्हणालो, ताई, चूक माझी आहे. ती म्हणाली, तुझी आहेच, पण मोजणी माझी होती.

त्या दिवशी दुपारपर्यंत ती पाच नवी माणसं उभी करून आली. हे सोपं नव्हतं. परीक्षक करायचा म्हणजे त्याचा ई-मेल घ्यायचा, यादीत घालायचा, घरी जाऊन त्याच्या फोनवर संमतीचं बटण दाबून घ्यायचं. अर्धा अर्धा तास एकेकाला. खालच्या मजल्यावरचा लिफ्ट दुरुस्त करणारा, तिच्या जुन्या पेढीतल्या दोघी, केंद्रावरचे आणखी दोन पेशंट. सोळा झाले. मलाही तिने पुन्हा घातलं, पण माझ्यादेखत सोळाच म्हणत राहिली. सतरावा असूनही मी मोजणीत नव्हतो, आणि तेच बरोबर होतं.

सात तारखेपासून पुन्हा पहिला दिवस. या खेपेला रोज दहाला मी तिच्या टेबलाशी बसायचो आणि अर्धे फोन लावायचो. माझ्याशी मी बोलायचो म्हणा ना. वीसला चौदा दिवस भरले. मग दुकानाने विचारलं, चाचणीत काय शिकलात, काय बदललंत? ताईने लिहिलं, की 'पाणी' आणि 'पुरे' शेजारी होते, थरथरत्या हाताला ते जड जात होते, आम्ही ते दूर नेले. त्यांनी सात दिवस विचार केला. सत्तावीसला पुढचा दरवाजा उघडला, ॲप शेवटच्या तपासणीला गेलं, आणि अठ्ठावीसला सकाळी परत आलं. 'बटणं चालत नाहीत. ॲप अपुरं आहे.'

मी कपाळाला हात लावला. लेकीला फोन केला तर तिच्याही तोंडचं पाणी पळालं. तिच्याकडे बटणं उत्तम चालत होती. ताईने निरोप बोट ठेवून वाचला. दोनदा. मग म्हणाली, "त्यांचे हात चांगले आहेत."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. हात थरथरताना भलतंच चित्र दाबलं जाऊ नये, म्हणून ॲपमध्ये बोट एक पूर्ण सेकंद टेकवून धरावं लागतं. तपासणाऱ्याने आपल्यासारखं टचकन दाबलं असणार. ॲप बोललं नाही, तो पुढे गेला.

मी म्हणालो, खरमरीत पत्र लिहितो, मला दे. तिने दिलं नाही. तिने ॲप उघडलेल्या फोनशेजारी भावोजींचा हात टेबलावर ठेवला, माझ्या हातात दुसरा फोन दिला आणि चित्रण करायला सांगितलं. उजवा हात. तो पाण्याच्या चित्राकडे निघाला, उशीवर घसरला, पुन्हा उचलला, काठाशी हेलपाटला. मला वाटलं, माझ्या मोकळ्या हाताने त्यांना मदत करावी. ताईने मानेनेच नको म्हटलं. बोट पाण्यावर आलं, थरथरत टेकलं, टिकलं. एक सेकंद किती मोठा असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. "पाणी हवंय," मी म्हणालो, फोनमधून. ताई उठली आणि त्यांना पाणी दिलं. तेही चित्रणात आलं. खाली तिने तीन ओळी लिहिल्या. पहिली, ॲप कुणासाठी आहे. दुसरी, बोट किती वेळ टेकवायचं. तिसरी, तपासल्याबद्दल आभार. दुपारी बारा वाजता पाठवलं.

एकोणतीसला जेवायच्या वेळी मंजुरी आली. ताईने मोठ्याने वाचली. भावोजींनी चमच्याने टेबल असं बडवलं, की बाजारातला त्यांचा जुना लिलाव आठवला.

तीस तारखेला मी केंद्रावर गेलो. बाई खुर्च्यांमधून फिरत होत्या, ताई दुसऱ्या टोकाने. एकेका फोनवर 'ऐका' उतरत होतं आणि चोहोबाजूंनी मीच बोलत होतो. मला पाणी हवं होतं, माझं डोकं दुखत होतं, मला घरी जायचं होतं. ताई एका आजोबांचं बोट धरून त्यांना एक सेकंद थांबायला शिकवत होती, आणि ते घाई करत होते, आणि ती पुन्हा पहिल्यापासून शिकवत होती.

घरी परतताना मी तिला विचारलं, की ताई, खरं सांग, काल मंजुरी आली नसती, तर काय केलं असतंस?

"चाळीस घरं फिरले असते," ती म्हणाली.