ठेवणीतली गाडी

माझ्या धाकट्या भावाची एक खोड आहे. कुणाच्याही घरी गेला की पाण्याचा पेला हातात यायच्या आधी तिथलं टेबल बोटाच्या पेराने ठोकून बघतो. टकटक. मग मान डोलावतो, नाहीतर नाक मुरडतो. लाकूड आतून भरीव आहे की वरून नुसता पापुद्रा चिकटवलाय, हे त्याला आवाजावरून कळतं. जुन्या फर्निचरला पॉलिश करणं हा त्याचा धंदा. सगळा बाजार त्याला पॉलिशदादा म्हणतो. त्याच्या बोटांचे ठसे स्पिरिटने कधीच पुसून गेलेत. उद्या याने चोरी केली तर पोलीस हात चोळत बसतील, असं आम्ही म्हणतो. पण चोरी करायला वस्तू वापरायची हौस लागते, ती याला नाही.

लहानपणी आईने आम्हा दोघांना एकदमच बूट घेतले होते. मी माझे त्याच दिवशी घातले आणि तळ फाटेपर्यंत घातले. याने आपले कागदात गुंडाळून कपाटावर ठेवले. मधून मधून काढायचा, फडक्याने पुसायचा, परत ठेवायचा. शेवटी कुणाच्या तरी लग्नाला जायचं म्हणून काढले, तर पाय आत जाईना. तरी आई सगळ्यांना दाखवत सुटली, "बघा, कसे कोरेच्या कोरे ठेवलेत पोराने. नाहीतर ही भवानी!" भवानी म्हणजे मी. कोरे बूट शेजारच्या पोराने वापरले आणि कौतुक याच्या वाट्याला आलं. तेव्हापासून तो कौतुकावरच जगतोय.

नवऱ्याच्या माघारी मी या भावाच्याच घरात वरच्या खोलीत राहते. खाली तो आणि माझी भावजय. खिडकीतून त्याची पत्र्याची शेड दिसते, आणि जे दिसत नाही ते ऐकू येतं. माझी शाळा चौथीत सुटली, पण कानांना शाळा लागत नाही.

भावजय इस्पितळात होती. डॉक्टरीण नव्हे, वॉर्डातली मावशी. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून स्ट्रेचरवर, माणसं उचलून बसवायची आणि उतरवायची. जाडजूड पुरुष तिच्या गळ्यात हात टाकून लेकरासारखे उठायचे. हाडापेराने दणकट आणि तोंडाने त्याहून दणकट. तिला जन्मात एकच हौस होती, वाऱ्याची. घरात एक टेंपो होता, कपाटं-टेबलं वाहायचा. कुठे जायचं झालं तर त्यातूनच. तिच्या पायाशी स्पिरिटचे डबे, मांडीवर पॉलिशची फडकी. लग्नाला गेली तरी अंगाला लाखेचा वास. ती म्हणायची, "वन्सं, मला एकदा डोक्यावर छप्पर नसलेल्या गाडीतून घाटावर जायचंय. केस मोकळे सोडून. एकदा. मग खुशाल टेंपोतून स्मशानात न्या."

आणि एके वर्षी खरंच, दोघांनी ठरवलं. रोजच्या कामाला टेंपो आहेच, मुलं आपापल्या मार्गाला लागली, तर एक जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची. नवी परवडणारी नव्हती आणि नव्यात भावाला रस नव्हता. गाड्या बघायला मलाही नेलं, टेंपोत मागे, दोन खुर्च्यांच्या मधे बसवून.

पहिली गाडी पांढरी, जेमतेम जुनी, सगळं आपोआप होणारी. भावजय म्हणाली, "ही दाताच्या डॉक्टरची गाडी. हिच्यात बसलं की दाढ दुखायला लागेल." दुसरी लालभडक, मागे उंच फळी लावलेली. "अहो, हिच्या पाठीवर इस्त्री करायची का?" तिसरी एका फोटोग्राफरच्या अंगणात झाडाखाली उभी होती. शेवाळी रंगाची, दोन सीटांची, कापडी टपाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. भावाने सगळा पत्रा पेराने ठोकून पाहिला. कुठे पोचा लपवायला लांबी भरलीय, कुठे नाही, ते बरोबर सांगितलं. मग दार उघडलं आणि तो आत वाकला. आतली पुढची पट्टी, ते काटे-घड्याळं असतात ती, अस्सल लाकडाची होती. उन्हाने पॉलिश उडालेलं, पण लाकूड नंबर एक. त्याने तिच्यावरून असा हात फिरवला की मी दुसरीकडे बघितलं.

तोवर भावजय पलीकडच्या सीटवर बसलीसुद्धा. आधी बूड टेकलं, मग दोन्ही पाय उचलून झपकन आत घेतले. टप खाली होता. तिने मान मागे टाकली आणि झाडाकडे बघून खदाखदा हसली. "हीच घ्या. मला सवत चालेल, पण हीच."

फोटोग्राफर भला माणूस होता. म्हणाला, "एकच सांगतो. ही चालवली तर टिकते, ठेवली तर मरते."

भाऊ "हो हो" म्हणाला. त्याचा हात अजून लाकडावरच होता.

आता बघा, एकच गाडी दोघांनी पसंत केली. तिने छप्पर नव्हतं म्हणून आणि त्याने लाकूड होतं म्हणून. लग्नंसुद्धा अशीच जमतात.

गाडी शेडमध्ये आली. भावजयने बाजारातून काळा चष्मा आणला आणि आरशासमोर घालून बघितला. "रविवारी?"

"रविवारी कसं? ती पट्टी बघितलीस का? आधी जुनं पॉलिश खरवडतो, दोन हात मारतो, मग बघ."

दोन हात म्हणजे पॉलिशचे दोन थर. ते मारून झाल्यावर वाटलं, अजून एक हवा. मग पट्टी चकाकायला लागली आणि तिच्यापुढे सीटा मळकट दिसायला लागल्या. सीटा झाल्या, तर बाहेरचा रंग फिका वाटला. रंग झाल्यावर त्याने जाड कापडाचं कव्हर शिवून घेतलं. आतून मऊ, कडेला नाडी. माझ्या पांघरुणाला एवढं चांगलं कापड नाही.

रोज सकाळी दुकानात जायच्या आधी कव्हर काढायचं, फ्लॅनेलच्या फडक्याने गाडी पुसायची, परत कव्हर घालायचं. ऊन दाखवायचं असेल तर ढकलत अंगणात आणायची आणि ढकलतच आत न्यायची. इंजिन सुरू करायचा नाही, धुराने शेडची भिंत काळी होईल म्हणून. शेजारचे यायचे, तोंड भरून म्हणायचे, "काय ठेवलीये हो!" आणि हा फुलायचा. कपाटावरच्या बुटांची आठवण मला तेव्हाच आली होती.

गॅरेजवाला याचा जुना दोस्त, तोंडाचा फाटका. एकदा शेडमध्ये डोकावून म्हणाला, "दादा, हे कपाट नाही. हिला हालचाल पाहिजे. उभी राहिली की रबर वाळतं, तेल जाड होतं, ब्रेक धरून बसतात. रोज सकाळी घेऊन जा आणि गावभर बोंबलत फिर."

"खडी उडते रस्त्यावर. रंगाला टवके पडतील."

"पडू दे की. तुझ्या टकलाला नाही पडले?"

पण लाकूड जितकं कमी हाताळावं तितकं टिकतं, हे त्याने जन्मभर पाहिलेलं. यंत्राचा धर्म उलटा असतो, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

भावजय विचारत राहिली. कधी लाडाने, कधी चिडून. "अहो, घाटावर गारवा पडलाय." "टपाची शिवण उसवलीय, तेवढी घालून घेतो." "अहो, सुट्टी आहे मला." "आभाळ आलंय, रंगावर थेंबांचे डाग पडतात." इस्पितळातून निवृत्त झाली त्या दिवशी हातात फुलं घेऊन ती थेट शेडमध्येच गेली. "आता उद्या जायचं. मला काही कारण सांगू नका."

"उद्या?" भाऊ म्हणाला. "अगं, चाकांच्या तबकड्यांना चमक आणायला काढल्यात. गाडी विटांवर उभी आहे."

तिने फुलं टेंपोत ठेवली आणि घरात गेली.

जन्मभर परकी माणसं उचलली, त्याचं बिल गुडघ्यांनी मग पाठवलं. आधी जिना बंद झाला, मग खाली बसणं, मग हातात काठी आली. डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि शेवटी काळा चष्मा लागलाच, पण तो ऑपरेशननंतरचा, इस्पितळाने दिलेला. बाजारातला खणात तसाच पडला होता. त्याच्यावरचा चिकट कागदसुद्धा निघाला नव्हता.

आणि तिने विचारणं सोडलं. भावाला ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा मात्र त्याचं धाबं दणाणलं. धावत जाऊन गॅरेजवाल्याला घेऊन आला. त्याने किल्ली फिरवली, तर गाडीतून हूं नाही की चूं नाही. ब्रेक जाम, नळ्या चिकटलेल्या, टपाला घडीवर चिरा, आणि हवेच्या पेटीत उंदरांचं बाळंतपण झालेलं.

"वरून नवरी, आतून म्हातारी," गॅरेजवाला म्हणाला. "बोललो होतो मी."

भावाने गाडी ओढत नेली, दुरुस्त केली, आणि एका सकाळी ती स्वतःच्या पायांनी गुरगुरत गल्लीत आली. टप खाली, लाकूड आरशासारखं. दार उघडून भाऊ उभा राहिला. भावजय केस विंचरून, ते मोकळे सोडून बाहेर आली. पांढरे झाले होते, पण होते भरपूर. चष्मा बाजारातला. मी कठड्याला धरून खाली उतरले, म्हटलं ही मौज बघायचीच.

"आधी बूड टेक, मग पाय आत घे," भाऊ म्हणाला.

"मला शिकवताय? लोकांना हेच सांगण्यात जन्म गेला माझा."

तिने दार धरलं, काठी माझ्याकडे दिली आणि वाकली. सीट वीतभर उंचीवर. गुडघा वाकेना. ती अर्ध्यातच अडकली, ना उभी ना बसलेली. घामाने कपाळ भिजलं. परत सरळ झाली. परत वाकली. तिसऱ्यांदा तोंडातून नुसता आवाज आला.

भाऊ आत धावला आणि उशा घेऊन आला. सीटवर एकावर एक रचल्या. "आता बघ, उंच झाली!" उशांचा ढीग काचेच्याही वर गेला.

"या सिंहासनावरून मी पहिल्या वळणाला उडेन," ती म्हणाली. मला हसू फुटलं, पण ती हसत नव्हती. 

"मी उचलून बसवतो तुला."

"बसवाल हो. उतरवणार कोण? की आतच ठेवून वर कव्हर घालणार?"

तो उशा परत काढून हातात धरून उभा राहिला. तिने चष्मा काढला, मिटला, दार हलकेच लावलं. "विका," म्हणाली.

"अगं, आत्ता कुठे नीट झालीये."

तिने त्याच्याकडे बघितलं.  "हो ना," म्हणाली. "आत्ता कुठे."

त्या दिवशी तो शेडच्या उंबऱ्यावर बसलेला दिसला. मी जाऊन शेजारी बसले. म्हटलं, "का रे इतका थांबलास? मठ्ठ आहेस का?"

"मळकी दाखवायची नव्हती तिला, ताई. टेंपोत मळक्यातच बसली ना जन्मभर."

 मारावं तर हात उठत नाही, कुरवाळावं तर भावजयचे गुडघे आठवतात.

गिऱ्हाईक आलं, एक तरुण शिंपी आणि त्याची बायको. पोरगी गाडीत अशी उतरली, जशी मांजर खिडकीतून उतरते. चपला काढून पाय वर घेतले, मान मागे टाकली. भावजय ओट्याच्या वरच्या पायरीवर बसून बघत होती. तिच्या चेहऱ्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

"काय ठेवलीये हो काका!" शिंपी म्हणाला. "कोरी करकरीत!"

आणि आमच्या या भावाचा चेहरा उजळला. अजूनही! खिशातून फ्लॅनेलचं फडकं काढून त्याच्या हातात दिलं आणि सांगायला लागला, "लाकडाला ओलं फडकं लावायचं नाही. उन्हात उभी करायची नाही. रोज संध्याकाळी कव्हर घालायचं. थांबा, कव्हर देतो. अगं, कव्हर कुठंय?"

"माझ्याखाली," भावजय म्हणाली. घडी करून तिने ते पायरीवर अंथरलं होतं.

"दे इकडे. त्यांचं आहे ते."

"नाही द्यायचं."

"अगं, असं काय करतेस? पाऊस आला तर?"

"भिजतील दोघं."

शिंप्याला काही कळलं नाही. पोरीला थोडं कळलं असावं. तिने मागे वळून भावजयकडे बघितलं आणि टप उघडाच ठेवला. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, घाटाच्या रस्त्याला तिचा आवाज चढत गेला आणि मग ऐकू येईना. भाऊ रिकाम्या शेडच्या चौकटीशी उभा होता. सवयीने त्याने बोटाचं पेर लाकडावर आपटलं. टकटक.

"वन्सं," भावजय म्हणाली, "हात द्या जरा. उठवत नाही."

भाऊ लगबगीने आला आणि त्याने हात पुढे केला. तिने माझा धरला.