जूनमधला सण

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या हॉस्पिटलात मी डॉक्टर आहे. आमच्या वॉर्डची सफाई करणारी पन्नाशीची एक गोरी बाई मला रोज दिसायची. फरशी पुसताना ती स्वतःशीच गुणगुणायची.

एका जूनच्या सकाळी तिने टी-रूमच्या टेबलावर निलगिरीची फांदी आणि घरचा केक मांडला. म्हणाली, "आज वर्षातला सगळ्यात छोटा दिवस. ख्रिश्चन होण्याआधी आमचे पूर्वज युरोपात हा सण डिसेंबरात करायचे. इथे थंडी जूनमध्ये पडते, म्हणून मी जूनमध्ये करते."

"असं बदललेलं चालतं?"

"चुकलं म्हणून सांगणारं कुणी उरलंय कुठे, डॉक?" ती मोकळी हसली.

त्या हसण्याचा मला इतका हेवा वाटला की केक गोड लागेना. मी इथल्या भर उन्हाळ्यात संक्रांतीची काळी साडी नेसते, कारण पुण्याहून आई व्हिडिओ कॉलवर तपासते.

"तुझे सण तुला कुणी शिकवले?" तिने विचारलं.

"आईने."

तिची सुरी केकमध्येच थांबली. "मला पुस्तकं वाचून जुळवावे लागले," ती म्हणाली.

तिलाही माझा हेवा वाटतोय, हे मला कळलं. तरी मला वाटणारा तिचा हेवा काही कमी झाला नाही.