खोटा काटा

माझा कुठल्याच काट्यावर विश्वास नाही. भाजीवाल्याच्या नाही, सोनाराच्या तर अजिबात नाही. लातुरात संसार केला आणि तोही आडत दुकानातल्या मुनिमाशी, म्हणजे दुसरं काय होणार? आमच्या यांची सगळी नोकरी तुरीच्या आणि सोयाबीनच्या पोत्यांत गेली. लग्न झालं त्याच वर्षी यांनी मला जेवता जेवता काटा कसा मारतात ते शिकवलं. पोतं काट्यावर असताना कुणाचा गुडघा टेकतो, कुणाच्या पायाचा अंगठा हळूच लागतो, सगळं. "आकड्याकडं नगं बघू, माणसाच्या हातापायाकडं बघ," म्हणायचे. भाजी घेताना मी ते आजवर पाळत आले.

आता वजन करायचा काटा आमच्या घरातच आला, तो यांच्यासाठी. आम्ही नांदेडला लेकीकडे गेलो होतो. तिथं यांना एकाएकी दम लागला, बोलता येईना. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की हृदयाची ताकद कमी झाली आहे आणि छातीत पाणी साठलं आहे. आठवडाभर ठेवून घेतलं. सोडताना डॉक्टर मला म्हणाले, "मावशी, रोज सकाळी चहाच्या आधी यांचं वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, की ती चरबी नाही, ते पाणी. तेव्हा फोनवर विचारत बसू नका, सरळ घेऊन या." मीठ कमी, पाणी मोजून, लोणचं-पापड बंद.

लेकीने लगेच काचेचा काटा मागवून दिला. पाय ठेवला की निळे आकडे पेटायचे. मला तो पहिल्यापासूनच आवडला नाही. इतकं चकचकीत काही खरं बोलेल, असं मला वाटत नव्हतं.

लातूरला आल्यावर मी त्याची परीक्षाच घेतली. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे, जुनी, कुठे उंच कुठे खोल. मी देवघरासमोर काट्यावर उभी राहिले तर एक वजन, स्वयंपाकघरात दुसरं, पलंगाजवळ तिसरंच. तीन खोल्यांत तीन बायका! हे खुर्चीत बसून हसत होते. "लई बेक्कार वस्तू हाय. परत दे म्हणावं पोरीला," म्हणाले.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले की घरचे काटे थोडेफार चुकतातच, त्याची काळजी नको. काटा सपाट जागी ठेवा, रोज तीच जागा, तीच वेळ, तसेच कपडे. किलोभर चुकत असेल तर रोज तेवढंच चुकेल, आपल्याला फरक कळला म्हणजे झालं. हे मला पटलं, पण पूर्ण नाही. न्हाणीघराबाहेरच्या बोळात, खिडकीपाशी, एकच फरशी अगदी सपाट होती. तिथं काटा मांडला आणि त्यावर गॅसची रिकामी टाकी ठेवली, कारण टाकीवर तिचं वजन लिहिलेलं असतं. बऱ्यापैकी जुळलं. मग टाकीवर लिहिणाऱ्यावर तरी विश्वास का ठेवायचा, असंही मनात आलं, पण कुठेतरी थांबावंच लागतं.

तेव्हापासून रोज सकाळी हे बनियन आणि लुंगीवर काट्यावर उभे राहायचे आणि मी आकडा वाचायला खाली वाकायची. यांना लांबचं स्वच्छ दिसतं, म्हणून उभ्यानेच आकडा दिसायचा. मला मात्र चष्मा लावून, गुडघ्यावर हात देऊन, पार खाली जावं लागायचं. अडुसष्टच्या आसपास. कधी शंभर ग्रॅम वर, कधी दोनशे खाली. मी कॅलेंडरवर लिहायची आणि मगच चहा ठेवायची.

पथ्याच्या बाबतीत मला यांचा भरवसा नव्हता. आमच्या रेणापूरच्या वावरात जाऊन आले की मी हात हुंगायची. एकदा भज्यांचा वास आला. "गड्यानं आणली होती, एकच खाल्लं," म्हणाले. एकच! ज्या माणसाने जन्मात एकच भजं खाल्लं नाही त्याने. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने खाली वाकले, की आता सापडले. अडुसष्टच. मला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला.

मग उन्हाळा लागता लागता मला वेगळंच दिसायला लागलं. यांच्या चपलेचा अंगठा घट्ट झाला. मोजे काढले की घोट्यावर वळ राहायचे, ते दुपारपर्यंत जायचे नाहीत. गच्चीवर वाळवण बघायला निघाले की जिन्यात मध्येच थांबून भिंतीचा रंग बघायचे. उशाला एक उशी होती, तिच्या दोन झाल्या. विचारलं तर म्हणाले, "मान अवघडून राहिली." आणि काटा रोज सकाळी सांगत होता, अडुसष्ट.

काटाच बिघडला, मला वाटलं. मी सेल बदलले. गॅसची टाकी परत ठेवली, बरोबर. मी स्वतः उभी राहिले, माझं नको तेवढं बरोबर. आता संशय घ्यायला काटा उरला नाही, आणि घरात आम्ही दोघंच.

मला कळलं ते झाडू-फडकं करताना. त्या खिडकीखाली काळा कडप्पा आहे, साधारण कमरेच्या उंचीला. उन्हाळ्यात लातुरात सकाळी पुसलं की दुपारी पुन्हा धूळ. फडकं घेऊन गेले तर धुळीत एक पंजा उमटलेला. पाचही बोटं, आणि तळव्याच्या जागी तेलाचा चमकणारा डाग. हे सकाळी उठल्या उठल्या डोक्याला तेल लावतात.

मी फडकं खाली ठेवलं आणि काट्यावर उभी राहिले. त्या पंज्यावर माझा हात ठेवला आणि जोर दिला. निळे आकडे भराभर उतरले. हात उचलला, चढले. पुन्हा टेकवला, उतरले. रोज सकाळी मी खाली वाकून आकड्याकडे बघत होते, आणि माझ्या डोक्यावर, वीतभर अंतरावर, हा हात टेकलेला होता. इतकी वर्षं जो माणूस मला हातापायाकडे बघ म्हणत आला, त्याने माझ्याच घरात मला काटा मारला होता. राग आला, फार आला, पण त्याच्या खाली भीती होती आणि ती रागापेक्षा मोठी होती.

हे बाहेर झाडाला पाणी घालत होते. मी हाक मारली, काट्यावर उभं केलं. "आता कशाला? सकाळी झालं की," म्हणाले.

"हात वर करा," मी म्हटलं.

यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पुसायचा राहिलेला कडप्पा बघितला. दोन्ही हात वर केले. या वेळी मी हातांकडे बघत राहिले आणि मग खाली वाकले. बहात्तरच्या वर.

"काटा खोटा हाय," हे हळूच म्हणाले. मी शेजारच्यांची गाडी सांगितली आणि पिशवी भरली.

नांदेडच्या रस्त्यावर मी खिडकीबाहेर बघत होते, कारण यांच्याकडे बघितलं असतं तर भांडले असते नाहीतर रडले असते. शेवटी मीच म्हटलं, "तुमचा इश्वास नव्हता काट्यावर, तर सरळ सांगायचं. दुसरा आणला असता."

"खोटा असता तर हात कशाला टेकवला असता?" हे म्हणाले. "खरा हाय म्हणून तर टेकवला." दम घेतला. "दवाखान्यात शेजारच्या खाटंवरच्या म्हाताऱ्याला सकाळी नेलं, आन् दुपारी तिथं दुसरा माणूस आला. चादर बी माझ्यासमोरच बदलली. मला न्हाई जायचं तिथं परत."

मी यांच्या पाठीमागची उशी नीट केली.

दवाखान्यात आत घेण्याआधी वजन करायला सांगितलं. तिथला काटा मोठा, लोखंडी, आणि बाजूला धरायला दांडी. हे चपला काढून वर चढले आणि कुणी न सांगताच दोन्ही हात वर केले. नर्स हसली. "काका, हात कशाला वर?" हे माझ्याकडे बघत राहिले. मी अगदी जवळ उभी होते, पण आकडा खरा यायला हवा होता, म्हणून हात धरला नाही. नर्सने वजन लिहून घेतलं, मग धरला.