‘हं’ म्हणायचं बटण

गोष्ट सांगताना समोरच्यानं मधूनमधून ‘हं’ म्हटलं नाही, की आमचा मावसभाऊ थांबायचा. “आहेस ना रे?” त्याच्या भुताखेतांना हुंकार देता देता माझं अर्धं बालपण गेलं. पुढे छापखान्यातली नोकरी सोडून त्यानं गप्पांचं ॲप काढलं, तेव्हा त्यात अंगठा नव्हता, बदाम नव्हता. एकच बटण होतं : ‘हं’.

“आवडलंच म्हणायची सक्ती कशाला? कुणी ऐकतंय एवढं कळलं तरी माणूस बोलतो,” तो म्हणायचा.

शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. खाली शिलाई मशीन सुरू झालं की वर टेबलाला हुडहुडी भरायची, म्हणून नाजूक कामं शिंपी जेवायला गेला की. नवा सभासद आला की भाऊ स्वतः फोन लावायचा. “स्वागत आहे! जेवलात का?” माणसं दचकायची. वर्षाच्या आत हजार सभासद झाले नाहीत तर मुकाट्यानं छापखान्यात परत, असं त्यानं वहिनीला कबूल केलं होतं.

सहाशे बारापर्यंत गाडी गेली. काय दिवस होते ते! मावशी रोज सकाळी आपल्या गुडघ्याची बातमी टाकायची आणि तिला चाळीस ‘हं’ यायचे. गुडघा तसाच राहिला, मावशी मात्र खुलली. शिलाई मशीनचा आवाज आला की मला अजून तो गुडघा आठवतो.

मग ती अवाढव्य कंपनी आमच्या भाषेत आली. तिनं भावाचं काही वाकडं केलं नाही. तो आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. ज्याची त्याची माणसं तिकडे होती, एवढंच. एके दिवशी खुद्द वहिनी तिकडे सापडली.

“अगं, घरभेदीपणा कशाला?”

“माझ्या तिन्ही बहिणी तिकडे आहेत. इथे मी बोलू कुणाशी? तुमच्याशी? तुम्ही तर घरातच असता!”

वर्ष संपलं तेव्हा उरले एकोणचाळीस. ॲप बंद करताना त्यानं एकूण एक जुन्या सभासदाला फोन केला. दोन महिने लागले, कारण जो तो तासभर बोलायचा.

“तुमच्यासारखी मजा तिकडे नाही हो.”

“मग गेलात का?”

“बाकीचे गेले म्हणून.”

शेवटचा फोन मला.

“गंमत बघ,” तो म्हणाला, “प्रत्येक जण बाकीचे गेले म्हणून गेला. पण कुणीतरी पहिला गेलाच असेल ना? यादीत तारखा असतात रे.”

माझी तारीख मला ठाऊक होती.

मग त्यानं विषय बदलला. सोमवारपासून छापखान्यात कुठलं मशीन मिळणार, ते सांगू लागला. जुनंच होतं, कागद खाणारं. सांगता सांगता मध्येच थांबला.

“आहेस ना रे?”

“हं,” मी म्हणालो.