आधी तारीख, रडणं मग

"आधी तारीख सांगा. रडणं मग."

कुणीही पाकीट घेऊन दारात उभं राहिलं की आमच्या वकीलसाहेबांचं पहिलं वाक्य हेच. चहा नाही, पाणी नाही. पाकीट हातातून ओढायचे, पत्रावरची तारीख बघायचे, बोटांवर आठवडे मोजायचे आणि स्वयंपाकघरात येरझारा सुरू. इथल्या नगरपालिकेच्या, म्हणजे खमेंतेच्या, निर्णयावर सहा आठवड्यांत हरकत घ्यावी लागते. सातव्या आठवड्यात तुम्ही कितीही खरे असा, उपयोग शून्य.

नागपूरच्या कोर्टात त्यांनी पंधरा वर्षं वकिली केली होती. बायकोला चिपच्या मशीनवाल्या कंपनीत नोकरी लागली आणि तिच्यामागोमाग तेही ब्राबांट या डच प्रांतातल्या आमच्या या गावात आले. त्यांची सनद इथे चालेना. म्हणून माणूस गप्प बसेल? दोन वर्षांत डच शिकले. उच्चार ऐकून शेजारी दचकायचे, पण व्याकरण पक्कं. आम्ही सगळे आयटीवाले, ऑफिसात इंग्रजी फाडणारे, आणि डच पत्र आलं की आमची बोबडी वळायची. मग साहेब फेऱ्या मारत मजकूर सांगायचे, आम्ही टाइप करायचो.

"बसा हो जरा, मला गरगरतंय," मी एकदा म्हटलं.

"बसून मला सुचत नाही, ताई. कोर्टात कधी बसून बोललोय का?"

पाच वर्षं राहिलं की पासपोर्ट भारताचा असला तरी इथे गावच्या निवडणुकीला उभं राहता येतं. त्यांच्या मनात होतंच, घोड्यावर बसवलं आम्ही. आपला माणूस आत गेला की पत्रं लिहायची वेळच येणार नाही, असा आमचा हिशेब. काय शहाणे होतो! शेजारच्या डच आजीसुद्धा त्यांच्यासाठी पत्रकं वाटत फिरल्या. साहेब निवडून आले. शपथ घेतली, गॅलरीकडे वळून आम्हाला "जय भीम" केला. आम्ही इतक्या टाळ्या वाजवल्या की लोक वळून बघायला लागले. बाकीचे सभासद बसल्या जागी माइकवर बोलायचे, हे उभे. महापौरबाईंनी दोनदा बसायला सांगितलं, तिसऱ्यांदा निमूटपणे त्यांचा माइक उंच करून दिला.

आणि मग मला पत्र आलं.

माझा अनुज नऊ वर्षांचा. त्याची खास शाळा दुसऱ्या गावात, आणि तिथे नेणारी नगरपालिकेची टॅक्सी यंदापासून बंद. मुलाने बसने जावं म्हणे! हॉर्न वाजला तरी कानांवर हात ठेवून जमिनीवर बसणारा मुलगा तो. त्याची शाळा सुटणार, नाहीतर माझी नोकरी. मी तशीच पाकीट घेऊन साहेबांच्या दारात गेले.

त्यांनी पाकीट बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"ताई, आता मला नाही जमत. मी सभासद आहे. नगरपालिकेविरुद्धच्या भांडणात मला कुणाचा सल्लागार होता येत नाही. कायदा आहे."

"अहो, कुणाला कळणार आहे?"

"शपथ घेतलीय. तुम्हीच टाळ्या वाजवल्यात."

"मग आम्ही मतं काय लोणचं घालायला दिली?"

ते काही बोलायला गेले. "तारी..." एवढंच बाहेर आलं आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले. मी दार आपटून निघाले. रस्ताभर त्यांना शिव्या घातल्या, मोठ्याने, मराठीत.

घरी आल्यावर मात्र पहिल्यांदा तारीख बघितली. आम्ही सुट्टीवर असताना पत्र टपालपेटीत पडून राहिलं होतं. सहा आठवड्यांतले चार दिवस उरले होते.

लिहिलं. खोलीत फेऱ्या मारत, त्यांची वाक्यं आठवत, माझ्या मोडक्या डचमध्ये. सुनावणीला एकटी गेले. समोर तिघं, त्यांच्याकडे बघितलं की डच शब्द विसरायला व्हायचे, म्हणून खिडकीबाहेर बघत बोलले. बाहेर पाऊस. पिवळा रेनकोट चढवलेला कुणीतरी वेडा चौकात सायकलवर गोल गोल फिरत होता, टोपी पार नाकापर्यंत. मी बोलत राहिले, तो फिरत राहिला.

टॅक्सी परत सुरू झाली. मी त्यांना सांगायला गेले नाही. चार महिने नाही. ताठा, दुसरं काय? ते वाटेत दिसले तर मी रस्ता बदलायची.

मग एका सकाळी ते गेले. हृदयविकार. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

महिन्याभराने वहिनींकडे जाऊन बसले. त्या साहेबांच्या जुन्या वस्तू काढत होत्या.

"तुझी सुनावणी होती ना, त्या दिवशी हे मेथी आणायला म्हणून गेले," त्या म्हणाल्या. "दोन तासांनी आले, चिंब भिजून. मेथी नाहीच. म्हटलं, होतात कुठे? तर म्हणाले, आत जाता येत नाही आणि घरी बसवत नाही."

आणि त्यांनी दारामागच्या खुंटीवरून पिवळा रेनकोट काढून घडी घालायला घेतला.