विल्बेरच्या नावाची मेणबत्ती

माझा दाजी एर्मिलो थापाड्या आहे. धंद्यात नाही हां, धंद्यात माणूस चोख. आमच्या गावामागं माया राजांची पडकी देवळं आहेत, तिथला तो गाइड. त्याच्या पर्यटकांची गाडी मी चालवतो, त्यामुळं त्याचं सगळं बोलणं मला पाठ आहे. कुठला राजा कुठल्या चौथऱ्यावर बसायचा, यात तो अक्षर इकडचं तिकडं करत नाही. थापा मारतो त्या फक्त पोराबद्दल.

विल्बेर, माझा एकुलता एक भाचा, कामासाठी चोरवाटेनं उत्तरेला, या पर्यटकांच्याच देशात निघाला होता. सरहद्दीवरून त्यानं फोन केला, "आई, उद्या वाळवंट ओलांडतोय." त्यानंतर आवाज नाही की निरोप नाही. दुसरं वर्ष चाललंय. फेलिपाताई, माझी बहीण, काय ते समजून चुकली. दाजी काही समजून घ्यायला तयार नाही.

मुलंबाळं किती, असं पर्यटकांनी विचारलं की तो छाती फुगवून सांगतो, "एकच. तुमच्याकडेच आहे की! मोठ्या हॉटेलात आचारी." शहर दर वेळी नवं. बाकीचे ड्रायव्हर एक नंबरचे चहाटळ. "काय एर्मिलो, विल्बेर आज कुठं? परवा तर शिकागोला होता, बदली झाली काय?" दाजी हसण्यावारी नेतो. माझे हात मात्र शिवशिवतात.

यंदा पितरांच्या दिवशीच मोठा गट आला. दाजी रंगात होता. पायऱ्यांखाली उभा राहून तो सांगत होता, "आज आमची गेलेली माणसं घरी जेवायला येतात. घरातल्या कर्त्यानं एकेकाचं नाव घ्यायचं, त्याच्या नावाची मेणबत्ती लावायची. आणि ज्याचं कुणीच नाही, अशा जिवासाठी एक वाडगा दाराबाहेर."

गटातल्या एका पोक्त बाईंनी सहज विचारलं, "आणि माणूस आहे की गेला, हेच ठाऊक नसेल तर? त्याला कुठं वाढता?"

सगळे दाजीच्या तोंडाकडं बघत उन्हात उभे. त्यानं पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली. "चला, आता राजांचं चेंडू खेळायचं मैदान बघू," म्हणाला आणि मैदान डावीकडं असताना सरळ जंगलाकडं चालू लागला. मी धावत जाऊन त्याचा दंड धरला.

"दाजी, इकडं."

"माहितेय मला!" तो माझ्यावरच खेकसला.

संध्याकाळी ताईनं खड्ड्यातून पिब काढला. केळीच्या पानात भाजलेली, कोंबडी भरलेली मक्याची ती जाड भाकर विल्बेर एकटा अर्धी संपवायचा. दाजीनं तिचा मोठा तुकडा कापला, वाडग्यात घातला, वर कोंबडीची तंगडी ठेवली आणि वाडगा दाराबाहेर नेऊन ठेवला. ताईनं ते पाहिलं.

"एवढं कुणाला?"

"ज्याचं कुणी नाही त्याला."

"कुणी नाही? मग मी कोण? मी मेले का?" ताईचा आवाज फाटला. तिनं वाडगा उचलून आत, पितरांसाठी मांडलेल्या टेबलावर सासूसासऱ्यांच्या फोटोशेजारी ठेवला. "माझं लेकरू घर असताना बाहेर जेवायचं नाही!"

"आत ठेवलंस तर तो गेला, फेलिपा! गेला असं होईल!"

"आणि आला असेल तर? आपलं नाव ऐकायला दारात उभा असेल तर?"

ताईनं मेणबत्ती लावली. नाव घ्यायचं ते दाजीनं. त्यानं बापाचं नाव घेतलं, आईचं घेतलं, लहानपणी गेलेल्या भावाचं घेतलं. शेवटी "विल्बेर" म्हणाला आणि म्हणताक्षणी फुंकर घालून मेणबत्ती विझवली. ताईनं पुन्हा लावली. त्यानं पुन्हा विझवली. दोघंही नुसती रडत होती. दाजीनं तिच्या हातातली काडेपेटी हिसकून अंगणात भिरकावली.

ताईनं माझ्यापुढं हात पसरला. विडी ओढणारा माणूस मी, माझ्या खिशात काडेपेटी असते हे तिला ठाऊक होतं.

"नको रे," दाजी म्हणाला. "तुझ्या पाया पडतो, देऊ नको."

मी दिली.