स्क्रूवरची लाल रेघ

अक्काचा फोन आला तेव्हा मी गुंजवण्यात एका खाचराच्या बांधावर टेप धरून उभा होतो. "दाजी गेले रे," एवढंच ती म्हणाली. पहाटे छातीत दुखलं, गाडी दारात येईपर्यंतही थांबले नाहीत. टेपवर चौतीस मीटर सत्तर होते. तो आकडा लक्षात आहे, आणि त्या क्षणी मनात काय आलं तेही. दुःख नंतर आलं. आधी आलं ते हे, की आता त्यांना सांगायचं राहूनच गेलं... याला सात आठवडे झाले. एका जागी बसवत नाही, म्हणून लिहायला घेतलं आहे.

सुदामदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सारोळ्याला हायवेच्या कडेला त्यांचं लहानसं गॅरेज होतं. पाण्याचे पंप, फवारणीचे पंप आणि लाकूड कापायच्या साखळीच्या करवती, ज्यांना आमच्याकडे सगळे कटर मशीन म्हणतात, ते दुरुस्त करत. मी मार्गासनीचा, जमीनमोजणीची खासगी कामं करतो. तीन वर्षांपूर्वी वादळानं घरामागची झाडं पडली, तेव्हा मी अठ्ठावन्न सीसीचं मध्यम मशीन घेतलं. आंब्यात ते चालायचं, बाभळीत मात्र दम टाकायचं. दाजी ऐकून हसले. "पावणं, दम हाय त्याला. पर नाक दाबून ठेवलंय त्याचं. सोडा माझ्याकडं."

त्यांनी दोन रविवार घेतले, आणि मी दोन्ही दिवस शेजारी स्टुलावर बसून होतो. सायलेन्सरचं भोक मोठं केलं. सिलिंडर उतरवून धूर बाहेर जायची खिडकी बारीक ग्राइंडरनं रुंद केली, पण एका वेळी इतकीच, की बोटानं चाचपल्याशिवाय फरक कळू नये. सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग काढून टाकलं, म्हणजे आतला दाब वाढतो. पण पिस्टन वर आदळता कामा नये, म्हणून त्यांनी प्लगच्या भोकातून सोल्डरिंगची तार आत घातली, इंजिन हातानं फिरवलं आणि चेपलेली तार माझ्यापुढे धरली. मी व्हर्नियर लावून तिची जाडी, म्हणजे वर उरलेली मोकळी जागा, मोजली. आधी एक पूर्णांक एक दशांश मिलीमीटर होती, आता सहा दशांश. "बास," दाजी म्हणाले, "आता अजून हाव नको." शेवटी कार्बोरेटरचा, आत किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा स्क्रू लावला, कान देऊन, बराच वेळ. मग अक्काची नेलपॉलिशची बाटली आणली आणि स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत एक लाल रेघ ओढली. अक्का आतून ओरडली, "माझ्या नखांना न्हाई आन् तुमच्या स्क्रूंना रंग!" दाजी मला म्हणाले, "मोकळं असताना मशीन जरा घोगरं बोललं पायजे. लाकडात शिरलं की साफ. मोकळ्यातबी साफ बोलाया लागलं, तर पेट्रोलमधलं तेल आत कमी पडतंय समजायचं. ह्या रेघेला हात लावायचा न्हाई."

माझी सवय अशी, की मोजल्याशिवाय समाधान होत नाही. नऊ इंची बाभळीचा ओंडका आधी चोवीस सेकंदांत कापला जायचा, आता सतरा. तीन तीन कापांची सरासरी. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण तो घोगरा आवाज मला खटकत राहिला. त्यात पेट्रोल वाया जातंय असं वाटे. एका दुपारी मी झाकण काढून स्क्रू पाव फेरा आत फिरवला. मशीन साफ बोललं. पंधरा सेकंद. दोन सेकंद जिंकल्याचा मला इतका आनंद झाला, की सातव्या कापाला ते किंचाळून जागच्या जागी बंद पडलं तेव्हा मला आधी साखळीच अडकली असं वाटलं. दोरी ओढली तर हलेना. मग मी स्क्रू परत फिरवला, लाल रेघ रेघेला जुळवली, झाकण लावलं आणि मशीन सारोळ्याला नेलं.

दाजींनी पिस्टन बाहेर काढला. बाजूंनी ओरखडलेला, करपलेला. बराच वेळ बोटानं चाचपत राहिले. "स्क्रूला हात लावला न्हाई ना, पावणं?"

"न्हाई, दाजी."

"मग खिडकी मीच जास्त कापली आसंल," ते म्हणाले आणि कामाला लागले.

दाजींनी हे सगळ्यांना सांगितलं, हे वाईट झालं. मशीनचा दम वाढवून घ्यायला कुणी आलं की ते आधीच म्हणत, "माझ्या मेव्हण्याचं एक जळालंय माझ्या हातून, इचार करून सांगा." लाकूडतोडे चेष्टा करत, "दाजी, आमचं नुसतं धुवून द्या, भाजून नको!" ते हसत. तसली कामं हळूहळू कमी झाली. मी चहा पीत ते ऐकत असे. दर वेळी ठरवायचो, आज सांगू... आणि चहा संपायचा.

तेराव्याला गॅरेजच्या दारात कुणीतरी म्हणालं, "हात लई चांगला दाजींचा, एकदाच काय ती चूक झाली." मी तिथंही गप्प राहिलो. मशीन जळालं त्या दिवसानंतर मी त्याचं झाकण कधी उघडलं नव्हतं, साफसफाईला ते सारोळ्यालाच जात असे. परवा पहिल्यांदा उघडलं. स्क्रूवर दाजींनी नवी रेघ ओढलेली होती, गुलाबी, सलग. शेजारी जुनी लाल रेघ. खाचेच्या कडेला माझ्या स्क्रूड्रायव्हरनं तिचा टवका उडालेला, आणि मी अचूक जुळवली असं समजत होतो ती दोन टोकं केसभर चुकलेली. गुलाबी रेघ ओढणाऱ्याला ती दिसली नसेल, असं होणार नाही. थिनरचा एक थेंब पुरला असता पुसायला. सुटा स्क्रूसुद्धा पुसून ठेवणाऱ्या दाजींनी ती तशीच ठेवली होती. दोन वर्षं. मी झाकण उघडीन म्हणून की काय... ते आता कुणाला विचारू?

काल सारोळ्याला जाऊन अक्काला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला काय सांगतोस? ज्यांच्यापुढं ते हसत बसले, त्यांना सांग." म्हणून इथं, सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो. ते मशीन दाजींच्या हातून जळालं नाही. त्यांनी खिडकी बरोबर कापली होती. स्क्रू मी फिरवला.

आज सकाळी बाभळीचा ओंडका ठेवून मशीन सुरू केलं. मोकळं असताना घोगरं बोललं, लाकडात शिरल्यावर साफ. घड्याळ खिशातच होतं. किती सेकंद लागले, ते मी पाहिलं नाही.